लिबर्टी हॉल ते किल्मेनम: १९१६ च्या उठावाचं नेपथ्य

ईस्टर उठाव म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये झालेलं बंड; त्यावरच्या नाटकाची तयारी म्हणून आम्ही डब्लिन पायीच पालथं घातलं. लिफीकाठचा लिबर्टी हॉल ते ओ'कॉनेल स्ट्रीटवरचं जीपीओ, म्हणजे मोठं पोस्ट, हे अंतर जेमतेम दहा मिनिटांचं. २४ एप्रिल १९१६ ला बंडखोर इथूनच निघून पोस्टात शिरले. तेव्हा संचलनाचा प्रवेश लांबवू नका.

आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा लिबर्टी हॉलमध्ये छापला गेला. खिळे (छपाईची धातूची अक्षरं) अपुरे, म्हणून आधी वरचा अर्धा मजकूर छापला, मग तेच खिळे सोडवून खालचा जुळवला. इंग्रजी 'ई' संपला तेव्हा 'एफ'ला लाखेची खालची रेघ जोडली. रंगमंचावरच्या जाहीरनाम्यासाठी साधारण ३० बाय २० इंची कागद घ्या. चहाच्या पाण्यात बुडवून तो जुना करू नका; वाचला गेला तेव्हा तो नवा कोराच होता. मात्र पांढराशुभ्र कागद दिव्याखाली चमकतो, म्हणून किंचित मळकट छटा निवडा.

आमच्या मते नाटक खरं घडतं ते मूर स्ट्रीटवर. २८ तारखेला पोस्ट पेटल्यावर मंडळी इथल्या घरांत शिरली आणि मधल्या भिंती फोडत पुढे सरकली. बंडाचा एक नेता जेम्स कॉनोली याचा घोटा गोळीने फुटलेला. भगदाडातून स्ट्रेचर जाईना, म्हणून त्याला चादरीत घालून नेलं. हा प्रवेश बसवताना भगदाड अडीच फुटांपेक्षा रुंद ठेवू नका. तेवढ्यातून चौघे एकदम जात नाहीत, सगळा भार पुढच्या-मागच्या दोघांवर येतो आणि साधी चादर उसवते. आतून कॅनव्हास शिवून घ्या. फ्लॅटला, म्हणजे नेपथ्यातल्या खोट्या भिंतीला, मागून तिरपा टेकू द्या, त्यावर वजन ठेवा. नटाने कडेला हात टेकला आणि भिंत हलली, की प्रवेश गेलाच! विटा थर्माकोलच्या चालतील, पण त्या पडताना आवाज होत नाही. विंगेत लाकडी खोक्यात खऱ्या विटा आपटा. धुळीसाठी प्लास्टरची भुकटी नको. घसा धरतो, पुढची वाक्यं जातात.

उठाव मोडल्यावर बंडाच्या नेत्यांना जिथे गोळ्या घातल्या, तो किल्मेनम तुरुंग गाईडबरोबरच पाहता येतो. तिकीट आधी काढा. दगडफोडीच्या आवारात दोन टोकांना दोन क्रूस आहेत. तेरा जणांना एका टोकाला गोळ्या घातल्या. कॉनोलीला १२ मे रोजी रुग्णवाहिकेतून आणलं, उभं राहता येत नव्हतं, म्हणून दाराजवळच खुर्चीला बांधलं. रंगमंचावरही ती खुर्ची इतरांच्या जागी नको. समोरच्या टोकाला, दाराला लागून मांडा.