तास नव्हे, हजार

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या फुफ्फुसांवर अभ्यास करते. ती इथल्याच पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी. तिच्या आजीचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. प्रश्नावलीची चाचणी घ्यायला आम्ही विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गेलो होतो.

रोज किती तास तंबाखूजवळ बसता, या प्रश्नाला कुठेच नीट उत्तर येईना. तिथल्या एक विडी कामगार अक्का पहाटे सूप मांडीवर घेतात, नळाला पाणी आलं की उठतात, पोरं शाळेत गेली की पुन्हा बसतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तास कोण मोजणार?

तिने कागद बाजूला ठेवला आणि तेलुगूत विचारू लागली. आठवड्याला किती हजार देता? पानं कोण कापतं? उरलेली तंबाखू रात्री कुठे ठेवता?

अक्कांनी कॉटखाली बोट दाखवलं. त्याच खोलीत सून तान्ह्या बाळाला घेऊन झोपते. आमच्या नमुन्यात, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या माणसांत, ती सून नव्हतीच, कारण ती विड्या वळत नाही.

मला त्या क्षणी माझ्या विद्यार्थिनीचा फार अभिमान वाटला. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजणं, थोड्या दिवसांत शिकवता येते. समोरचं घर बघून अभ्यासाचा आराखडाच बदलणारा संशोधक घडायला वर्षं लागतात. आफ्रिकेत २००८ मध्ये ‘कार्टा’ हा संशोधक घडवण्याचा उपक्रम उभा राहिला तो याचसाठी. नैरोबीची एक संशोधन संस्था आणि जोहान्सबर्गचं विटवॉटर्सरँड विद्यापीठ त्यात पुढे आहेत. तिथल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांनाच त्याने पीएच.डी.साठी निवडलं, वेगवेगळ्या शाखांच्या या लोकांना एकत्र बसवून शिकवलं. आपल्या जिल्ह्यांतून मात्र नुसते आकडे गोळा होतात, प्रश्न दुसरीकडेच ठरतात. हे मला मनापासून खटकतं.

संध्याकाळी आम्ही नमुन्याची व्याख्या बदलली: त्या खोलीत झोपणारं प्रत्येक माणूस. म्हणजे नमुन्याचा आकार पुन्हा काढणं आलं, माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे पुन्हा जाणंही आलं. तान्ह्या बाळाला स्पायरोमीटरमध्ये फुंकायला सांगता येत नाही. अशा बाळांचा खोकला, घरघर, दवाखान्याच्या खेपा यांची वही आयांनीच ठेवावी, असं तिने सुचवलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं असतील. ती कोणती, हे ठरवायला ती पुढच्या आठवड्यात पुन्हा अक्कांकडेच जाणार आहे.