आमची वाटचाल : खारेपाटातले टाकीवाले

अलिबाग तालुक्यातल्या पोयनाडच्या बाजारात आम्हाला 'टाकीवाले' म्हणतात, कारण शौचालयांच्या सेप्टिक टाक्या उपसणं हा आमचा धंदा. सुरुवातीला राग यायचा, आता गाडीवरच तसं रंगवून घेतलंय. 26 जुलै 2005 च्या पुराआधी वर्षभर, मी आणि मावसभाऊ, दोघांनी मिळून जुना ट्रॅक्टर आणि तीन हजार लिटरचा टँकर घेतला. पंप त्याने स्वतः खोलून बसवला. व्हेन, म्हणजे पंपातली पाती, झिजल्या की आवाज आधी बदलतो आणि गेजचा काटा नंतर पडतो, हे त्याच्या कानाला कळायचं. पुढे तो उरणला कंपनीत लागला. तसा कान मला आजवर दुसऱ्या कुणाचा सापडलेला नाही.

खारेपाटातलं काम घाटावरच्यासारखं नाही. आमची जमीन खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत, उधाणाच्या पाण्याहून सखल, वर चिकणमाती. ऑगस्टमध्ये अंगणात पहार मारा, हातभर खाली पाणी. अशा जागी शोषखड्डा शोषत नाही, उलट बाहेरचं पाणी आत घेतो. आयएस 2470, म्हणजे सेप्टिक टाक्यांचं भारतीय मानक, त्यात लिहिलंय की भूजल 180 सेंटिमीटरच्या आत असेल तर सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय पूर्ण किंवा काही अंशी जमिनीच्या वर करावी. वाचतंय कोण? गवंडी म्हणतो, 'शहरात असंच करतात.'

आता आमचं नाव खराब करणाऱ्या एका जुलैबद्दल. एका गिऱ्हाइकाने तयार प्लास्टिकची टाकी पुरून घेतली होती. विकणाऱ्याने खाली काँक्रीट टाकलं नव्हतं, पट्टे बांधले नव्हते. आठ दिवस पाऊस चालू. गिऱ्हाईक म्हणालं, पैसे देतोय, तळ दिसला पाहिजे. मी लग्नाला पेणला होतो आणि आमच्या पोराने पाइप फुर्रफुर्र हवा ओढेपर्यंत उपसलं. तीन हजार लिटरची रिकामी टाकी, भोवती पाणी काठोकाठ, म्हणजे खालून तीन टनांचा रेटा! रात्री दोनला आवाज झाला. सकाळी जाऊन पाहतो तर टाकी गुडघाभर वर, येणारा पाइप एल्बोपाशी तुटलेला, पडवीच्या फरश्या उभ्या.

चूक आमची होतीच, तळ उपसायचा नव्हता. पण अर्धी चूक विकणाऱ्याची, आणि तोच बाजारभर सांगत फिरला की 'ह्यांनी टाकी उपटली'. पडवीचा खर्च मी दिला, त्यासाठी दुसरी ट्रॉली विकली. दोन महिने फोन वाजला नाही. त्याने मात्र तेवढ्यात स्वतःचा टँकर आणला, आमच्यापेक्षा पाचशे रुपये कमी. कमी का, ते रात्री उघाडीपाशी, बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, उभं राहिलं की कळायचं: भरलेली गाडी खाडीकडे जायची आणि रिकामी परत यायची. आम्ही मैला रीतसर टाकायला लांब डिझेल जाळत होतो. सगळ्या गावाला ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. हे मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावं असंही वाटत नाही.

पहिला फोन गुरुजींचा आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, घरी बांधीव टाकी, विहिरीच्या आतल्या बाजूला दर महिन्याच्या पाण्याच्या खुणा केलेल्या. म्हणाले, "गाडी आहे ना अजून? मग या." मी म्हटलं, गुरुजी, पाऊस संपू दे. ते हसले. "हेच ऐकायचं होतं. दिवाळीनंतर या, पण पैसे आज घेऊन जा."

त्यांचीच एक सवय आम्ही उचलली. लांब बांबूला खालच्या टोकाला पांढरा पंचा गुंडाळायचा, सावकाश तळापर्यंत सोडायचा, थोडं थांबून वर काढायचा. जिथवर काळा गाळ चिकटला तेवढी गाळाची उंची. एक तृतीयांशाच्या वर गेली तर उपसा, नाहीतर राहू द्या. गिऱ्हाइकाला पंचा दाखवला की वाद उरत नाही. त्या बांबूने आमची दोन-चार कामं घालवली आहेत, पण गिऱ्हाईक टिकवलं.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. हप्ते फिटले, नवा टँकर आला, मुलगा धंद्यात आला. वाईत नगरपालिका वेळापत्रकाने टाक्या उपसून घेते, शुद्धीकरणाची सोयही आहे. आमच्याकडे लोक तुंबल्यावरच आठवण काढतात, तेही भर पावसात.

उपसा एप्रिल-मेमध्ये करून घ्या. पावसात नाइलाज असेल तर अर्धंच काढायला सांगा आणि लगेच पाणी भरा. झाकण जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. ॲसिड ओतू नका, गाळ कुजवणारे जंतूच मरतात. आणि टाकीत माणूस उतरवू नका, आमचा असो वा तुमचा. आत गॅस असतो, हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा 2013 चा कायदाही आहे, आणि कायदा नसता तरी मी उतरवला नसता.

फोन करण्याआधी झाकण कुठे आहे ते शोधून ठेवा. मागच्या मेमध्ये एका घरी झाकणावर तुळशीवृंदावन बांधलेलं निघालं. काकू म्हणाल्या, हलवा. पोरं म्हणाली, आम्ही नाही. शेवटी काकूंनीच भटजींना बोलावलं आणि आमचा टँकर सव्वा दोन तास गल्लीत उभा राहिला. त्या वेळेचे पैसे मी लावले नाहीत. पुढच्या वेळी लावणार.