खदान आणि विहीर: जालना-अंबड पट्ट्यातली एका दिवसाची फेरी

जालन्याहून अंबडकडे मोसंबीच्या पट्ट्यात शिरलं की आधी धूळ दिसते. खडी क्रशरजवळच्या झाडांची पानं राखाडी पडलेली. बोट फिरवलं की हिरवी रेघ उमटते. पण खरं नुकसान खदानीच्या तळाशी बघा. तिथं मोटार लावून पाणी ओढ्याला सोडलेलं असतं. मार्चमध्ये भिंतीतून पाझरणारं पाणी पावसाचं नव्हे, आसपासच्या विहिरींना मिळणारं आहे.

खदानीमुळे विहिरींचं पाणी जातंय का, हे तपासायला जाणाऱ्यांनी सकाळी सातला पहिल्या विहिरीवर असावं. रात्रभर मोटार बंद असेल तरच पातळी खरी मिळते; त्यामुळे थ्री-फेजची, म्हणजे शेतीपंपाच्या विजेची, पाळी रात्रीची असलेला आठवडा टाळा, नाहीतर मोजणी वाया जाते. 30 मीटरचा टेप आणि टोकाला वजन पुरतं. कठड्यावर रंगाची खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा पातळी घेते. तेच महिने धरले तर आकडे ताडून पाहता येतात. जानेवारी तर चुकवूच नका, आंबे बहारासाठी (मोसंबीचा या दिवसांतला फुलोरा) झाडांचं पाणी बंद करून दिलेला ताण तोडायला पाणी लागतं ते तेव्हाच.

खदानीची भिंत बाहेरून, सुरक्षित अंतरावरून वाचा. सुरुंगाचा भोंगा झाला की लगेच लांब व्हा. वर मुरूम, खाली मांजऱ्या (छिद्राळ खडक) किंवा भेगाळ खडक, मग काळा पाषाण. कुठे दोन थरांमध्ये तांबडी माती. ओल बहुधा त्या तांबड्या थराच्या वर किंवा भेगांत दिसते. भिंत पूर्ण कोरडी आणि पाषाण अखंड असेल, तर विहीर आटल्याचं खापर घाईने खदानीवर फोडू नका, आधी शिवारातल्या नव्या बोअर मोजा. खदानीचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या खाली आहे का, हे मोबाईलवरच्या उंचीवरून ठरवू नका. पाच-दहा मीटरची चूक सहज होते. डम्पी लेव्हलवाला, म्हणजे दुर्बिणीने उंचीतला फरक मोजणारा, बोलवा.

दुसरा घाव कचेचा, म्हणजे दगडाच्या भुकटीचा. क्रशरची बारीक कच पहिल्या पावसात ओढ्यात उतरते आणि पाझर तलावाच्या तळाला लिंपून टाकते. तलाव भरलेला दिसतो, खालच्या विहिरींना मात्र पाणी उतरत नाही. त्याच ओढ्यावर मोटार असेल तर ठिबक तुंबतं. ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) उघडून आतला गाळ बशीत घ्या, वर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. फसफसला तर क्षार, नाही फसफसला आणि चिमटीत करकरला तर दगडाची कच. हा फरक फार महत्त्वाचा, कारण क्षारांवर आम्ल प्रक्रिया चालते, कच ॲसिडने विरघळत नाही. तिला शेततळ्यात निवळू देणं, सँड फिल्टर उलटा धुणं आणि लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून पाणी सोडणं एवढेच उपाय. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबात दर चौरस सेंटीमीटरला 0.5 किलोपेक्षा जास्त फरक दिसला की धुवा.

विहिरीच्या बांधकामाला तडा असेल तर त्यावर साध्या काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली की तडा वाढतोय हे कळतं.

निघण्याआधी सातबारा पाहा. विहिरीची नोंद नसेल तर पंचनाम्यात विहीरच नाही असं होतं, म्हणून नोंद आधी लावून घ्या. खदानीचा पर्यावरण मंजुरीचा आदेश आणि खाणकाम आराखडा माहिती अधिकारात मागा. त्यातली मंजूर खोली आणि प्रत्यक्षातली खोली शेजारी-शेजारी लिहून अर्ज तहसीलदारांकडे द्या, प्रत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना. धुळीची तक्रार वेगळी, ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.