सात मात्रांचं आइस्क्रीम

गेल्या मंगळवारी भर दुपारी आइस्क्रीमच्या दुकानासमोर उभी होते. पाटीवर नजर गेली आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप पेरांवरून सरकायला लागला. आ दोन, इ दोन (पुढे जोडाक्षर आहे ना), स्क्री दोन, म एक.

"काय देऊ, ताई?"

"सात," मी म्हटलं.

त्यानं सात कप मांडायला घेतले, तेव्हा भानावर आले.

ही खोड जुनी आहे आणि पुण्यात राहून ती सुटणं कठीण, कारण पाट्यांना इथे तोटा नाही. "येथे वाहने लावू नयेत" या पाटीच्या मात्रा मोजून बघा. बरोब्बर १७ भरतात. हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, ५-७-५ अशी, एकूण १७ मात्रांची. म्हणजे फाटकावर हायकू टांगलाय आणि मालकाला पत्ता नाही! ५-७-५ असा तुटत नाही ही गोष्ट वेगळी, पण वाहन लावणारा तेवढं कुठे बघतो.

तर, हायकू. काही वर्षांपूर्वी मी जपानमध्ये मात्सुयामाच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका होते. हे गाव म्हणजे हायकूची पंढरी. 'हायकू' हे नाव रूढ करणारे कवी मासाओका शिकी इथे १८६७ साली जन्मले. गावभर हायकूच्या टपालपेट्या आहेत, किल्ल्यावर, दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी. सुचलं की चिठ्ठीवर लिहा आणि टाका. १९९८ पासून दर ऑगस्टमध्ये शाळाशाळांच्या पोरांची हायकूची चढाओढ होते, पाच-पाच जणांचे संघ करून. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकाला जसा जीव टांगणीला लागतो, तसा तिथल्या पोरांचा कवितेसाठी लागतो. अशा गावात मला मुख्य इंग्रजी शिक्षकांनी सांगितलं, पावसाळ्यात मैदान बंद असतं, तेव्हा मुलांकडून इंग्रजीत हायकू लिहून घ्या.

मी जन्मात कविता लिहिली नव्हती. आमच्या शाळेत कवितेचं फक्त रसग्रहण व्हायचं, तेही चार मार्कांपुरतं. कवितेचं एकच हत्यार माझ्या हातात होतं, ते म्हणजे लघु-गुरू. आमच्या बाई 'यमाताराजभानसलगा' बाकावर पट्टी आपटत म्हणवून घ्यायच्या. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, हे ठाऊक होतं. पण आपल्या हायकूत तीन ओळी आल्या, मोजणी काही तितकीशी आली नाही. त्यामुळे तीही मदत नाही.

पहिल्याच तासाला एका मुलानं वही पुढे केली. मधल्या ओळीत फक्त 'आइस क्रीम' लिहिलेलं. मी म्हटलं, अरे, मधली ओळ सातची हवी, ही तर इंग्रजी उच्चाराच्या दोनच तुकड्यांची आहे, आइस आणि क्रीम. तो बुचकळ्यात पडला. मग माझ्यासमोर त्यानं मोजून दाखवलं: आ-इ-सु-कु-री-ई-मु. सात. त्याच्या जिभेवर त्या शब्दाचे सात तुकडे होत होते आणि मी त्याला दोन सांगत होते. शेजारचीनं स्ट्रॉबेरी सहाची धरली होती, इंग्रजीत तीन. बेसबॉलही सहाचा, इंग्रजीत दोन. मी फळ्यावर सगळ्यांचं चुकवत सुटले आणि त्या रात्री खोलीवर भाताला पाणी ठेवून सहज मराठी मात्रा मोजल्या. आइस्क्रीम सात. स्ट्रॉबेरी सहा. बेसबॉल सहा. तोक्यो चार, त्यांचेही चारच. गक्को म्हणजे शाळा, तिचेही दोन्हीकडे चार. जोडाक्षराआधी आपण जो अडखळतो, तिथे तेही एक मात्रा थांबतात.

माझा भात लागला. पण आमच्या बाई तिथे असत्या तर त्यांच्या पाया पडले असते. (सगळे शब्द असे जुळत नाहीत. शिकी त्यांच्याकडे दोन, आपल्याकडे तीन. ते मी तेव्हा मोजलंच नाही.)

मोजायची त्यांची तऱ्हा मात्र निराळी. ती पोरं उघडा पंजा घेतात आणि अंगठ्यापासून एकेक बोट मिटत जातात. पाच म्हणजे घट्ट मूठ. मग करंगळी उघडते, सहा; अनामिका, सात. अख्खा वर्ग कविता करायला बसला की मुठी मिटतात, उघडतात, मिटतात, कुणी बोलत नाही. मी आपली पेरांवर मोजणार. चार बोटांची बारा पेरं, वर आणखी पाच, की झाले सतरा. हे मी आजीकडून उचललेलं. आजी दुधाचे खाडे पेरांवर मोजायची. महिनाअखेरीला दूधवाला दारात आला की ती पदराआडून हात काढायची आणि अंगठा तुरुतुरु चालायचा. भिंतीवर कालनिर्णय होतं, त्यावर आईनं पेनानं फुल्या मारलेल्या होत्या, पण आजीचा त्यावर विश्वास नव्हता. दूधवाल्याचाही नव्हता. तो आजीचा आकडा निमूट मान्य करायचा. एकदाच आईचा आणि तिचा एका दिवसाचा फरक आला, तेव्हा दोघी दोन दिवस जेवणापुरतंच बोलल्या.

मुलांना माझा अंगठा फार गमतीचा वाटायचा. हातात काय लपवलंय, असं एकीनं विचारलं होतं.

हायकूत ऋतूचा शब्द लागतो, त्याला किगो म्हणतात. त्यांचे कोशच असतात. बेडूक वसंतातला, डास ग्रीष्मातला, चंद्र शरदातला. डास आमच्याकडे बारमाही, असं सांगितल्यावर मुलं खूप हसली. मग मला चेव आला. त्यांचा 'त्सुयु' म्हणजे पावसाळा जूनमध्ये लागतो, आपलं मृग तेव्हाच. मी फळ्यावर मृगाचा किडा काढला. तांबडा मखमली, बोट लावलं की पाय पोटाशी घेणारा. लाल खडूनं काढूनही तो टोमॅटोसारखाच दिसला. हत्तीचा पाऊस सांगितला, हादग्याचा फेर धरून दाखवला. घंटा झाली तेव्हा इंग्रजीचा एकही शब्द शिकवून झालेला नव्हता.

मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्यानं तीन आठवडे काही लिहिलं नाही. वहीत तीन ओळींच्या सुरुवातीला ५, ७, ५ असे आकडे तेवढे नीट घातलेले. मी जवळ गेले की तो खिडकीबाहेर बघायचा. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मैदानात पाणी साठलं होतं.

शेवटच्या तासाला जाता जाता त्यानं माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. जपानीत होती. शब्द सोपे, मला लागले:

त्सुयु नो आमे
सेन्सेइ नो युबी
मादा काझोए

आषाढाची झड, बाईंचं बोट, अजून मोजतंय. मी तिथेच उभ्या उभ्या मोजलं. पाच, सात, पाच.

पण तास इंग्रजीचा होता. मुख्य शिक्षक दारात उभे होते. मी म्हटलं, "छान आहे. आता इंग्रजीत लिहून आण."

त्यानं मान लववली, चिठ्ठी उचलून खिशात घातली.

आणली नाही.