फियाटवाल्यांची वर्गणी

पद्मिनी, म्हणजे प्रीमियर कंपनीची जुनी फियाट मोटार, सांभाळणाऱ्या लोकांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, मुंबई, सगळीकडची माणसं त्यात आहेत. मी तिथली एक अ‍ॅडमिन, आणि जन्मभर पतसंस्थेत नोकरी केलेली असल्यामुळे खजिनदारही मीच. माझी गाडी १९८७ ची, स्टीअरिंगवर गिअर असलेली.

नवा माणूस आला की वर्गणीचा मेसेज वाचून विचारतो, ग्रुप तर फुकट चालतो, मग पैसे कशाला? हा प्रश्न रास्त आहे.

प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात ही गाडी बनवणं थांबवलं त्याला आता पाव शतक झालं. तेव्हाचा माल अजून कधीकधी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगारात हाती लागतो. पत्र्याचे, लोखंडाचे भाग शोधले की मिळतात, लेथवर करून घेता येतात. रबराचं तसं नाही. ते खोक्यात पडून पडूनही कडक होतं. पुढच्या काचेचं बीडिंग, म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी, तडकलं की पहिल्याच पावसात पाणी डॅशबोर्डखाली उतरतं, मॅटखाली साचतं आणि दोन पावसाळ्यांत फ्लोअरचा पत्रा सडतो. मालकाला ते कळतं तेव्हा वेल्डिंगचं बिल बीडिंगच्या कितीतरी पट झालेलं असतं. भोसरीत रबराचा माल करणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत, पण त्यांना आधी डाय, म्हणजे साचा, बनवावी लागते आणि मग किमान दोनशे नगांची ऑर्डर हवी असते. एका गाडीच्या मालकाने दोनशे बीडिंग घेऊन करायचं काय?

म्हणून फंड. माणशी वर्षाला ५०० रुपये. डायचे पैसे फंडातून आगाऊ द्यायचे, नग सभासदांना विकायचे, आलेली रक्कम पुन्हा फंडात. पुढच्या काचेचं बीडिंग असंच झालं, मग दारांची रबरं झाली. गणपती मंडळ फळ्यावर हिशेब लावतं तसा आमचाही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लागतो: जमा, खर्च, शिल्लक आणि प्रत्येक बिलाचा फोटो. मिस्त्रींकडून आणि जुन्या टॅक्सीवाल्यांकडून वर्गणी घ्यायची नाही, हा नियम मी पहिल्याच वर्षी आग्रहाने करून घेतला.

त्यालाही कारण आहे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. गाड्या गेल्या, चालवणारी माणसं आहेत. आमच्यात घाटकोपरचे एक काका आहेत. त्यांना इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला की टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन, ते अर्ध्या मिनिटात सांगतात. ग्रुपची खरी शिल्लक ही माणसं आहेत असं मी मानते, आणि अ‍ॅडमिन म्हणून माझं पहिलं काम त्यांचा शब्द ऐकू येत राहील हे बघणं.

दोन वर्षांपूर्वी सुट्या भागांचा एक व्यापारी आमच्याकडे आला. वार्षिक मेळाव्याचा सगळा खर्च करतो म्हणाला: हॉल, जेवण, टी-शर्ट. बदल्यात ग्रुपवर त्याचा मेसेज कायम वर पिन करायचा आणि त्याच्या मालाबद्दल कुणी वाकडं लिहिलं तर अ‍ॅडमिनने ते काढून टाकायचं. इतर मालाबरोबर तो पेट्रोलमध्ये घालायची एक बाटलीही विकत होता, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर उपाय म्हणून.

त्याच आठवड्यात साताऱ्याच्या एका मुलाने विचारलं होतं, खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, काय करू? काकांनी त्याला लिहिलं, फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून बघ, चालू झाली तर पंप तापतोय, पेट्रोलची वाफ होतेय. मग पंप उघडून डायफ्राम बघ, आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी बदल. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, म्हणून इथेनॉल सोसणारीच नळी घे. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नकोस, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. एवढ्यात त्याचं काम झालं. व्यापाऱ्याचे पैसे आम्ही घेतले असते तर त्या प्रश्नाखाली पहिलं उत्तर बाटलीचं आलं असतं, आणि काकांच्या उत्तराचं काय करायचं ते मला ठरवावं लागलं असतं.

मी नाही म्हणाले. बरीच वादावादी झाली, काहीजण ग्रुप सोडून गेले, त्यातले दोघे चांगले मित्र होते आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मेळावा वाईजवळ एका सभासदाच्या शेतावर झाला, जेवणाचे पैसे ज्याचे त्याने दिले.

बाकी अ‍ॅडमिनगिरीचा बराचसा वेळ अफवांत जातो. ‘पंधरा वर्षं झालेल्या सगळ्या गाड्या भंगारात’ हा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरून येतो. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागापुरती आहे. आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणी नव्याने करून मिळते. फी मात्र वाढली: १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण मग ती रोज वापरता येत नाही. हे नीट न वाचता अर्ज करू नका, असं मी प्रत्येकाला फोन करून सांगते. कायद्याबद्दलचा कुठलाही मेसेज राजपत्राची प्रत जोडल्याशिवाय ठेवायचा नाही, असा आता नियमच आहे.

सध्या फंडात दोन गोष्टींपुरते पैसे नाहीत, एकीपुरते आहेत. एक म्हणजे ब्रेकच्या व्हील सिलिंडरची रबरं. दुसरी सूचना नाशिकच्या एका मुलीची: काकांकडून कार्ब्युरेटर आणि पंप उघडून जोडण्याचे धडे व्हिडिओवर घ्यायचे आणि त्यांना रीतसर मानधन द्यायचं. ब्रेकची रबरं अजून वर्षभर बाजारात मिळतील असं मिस्त्री सांगतात. काका चौऱ्याहत्तरचे आहेत. माझं मत व्हिडिओला आहे, आणि ते मी ग्रुपवर उघड लिहिलं आहे. मतदान रविवारी रात्री बंद होईल.