शंभराच्या नोटेवरची पियानोवाली

जर्मनीत युरो येण्याआधी मार्क चालायचे. त्यांच्या शेवटच्या मालिकेतली शंभराची निळी नोट एका स्नेह्यांच्या संग्रहात पाहिली. मधोमध भांग, टपोरे डोळे, विशीही न गाठलेली मुलगी. राणी नाही, पुढारी नाही, देवी तर नाहीच. पियानो वाजवणारी आणि शिकवणारी क्लारा शूमान. तिच्या मागे लाइप्झिगच्या जुन्या इमारती. नोट उलटी केली की ग्रँड पियानो आणि फ्रँकफर्टचं होख संगीत विद्यालय. एका बाजूला जन्मगाव, दुसऱ्या बाजूला नोकरी. बाईंचा सगळा बायोडेटा एका कागदावर! १९९० साली निघालेली ही नोट आता बाजारात चालत नाही, पण जर्मनीची मध्यवर्ती बँक ती अजूनही बदलून देते : ५१ युरो १३ सेंट.

कलावंताचा चेहरा नोटेवर म्हटलं की आपल्याला जरा अवघडल्यासारखं होतं. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत, असं आपण मानूनच चाललेलो असतो. (कलेला पैशाचा विटाळ नको म्हणणारेच फुकट पास मिळेल का ते आधी विचारतात, ही गोष्ट वेगळी.) क्लाराच्या बाबतीत मात्र नोटेची निवड मला चपखल वाटते. या बाईनं जन्मभर पैसे मोजले. तिला ते मोजावेच लागले.

तिचे वडील फ्रीडरिश वीक लाइप्झिगमध्ये पियानो विकायचे आणि शिकवायचे. १८१९ साली जन्मलेली त्यांची ही मुलगी चार वर्षांची होईपर्यंत धड बोलतही नव्हती. पाचव्या वर्षी शिकवणी सुरू झाली, ती आधी कानानं. ऐकायचं, वाजवायचं, छापील सुरावटी वाचणं पुढचं पुढे. रोज तासभर शिकवणी, दोन तास सराव आणि मग मोकळ्या हवेत लांबवर चालणं. अठरा-अठरा तासांच्या रियाजाच्या दंतकथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वेळापत्रक फारच माणुसकीचं वाटेल. बाकी वीकसाहेबांकडे माणुसकी बेताचीच. मुलीची रोजनिशीसुद्धा बरीच वर्षं तेच लिहायचे, तीही तिच्या तोंडून. 'मी' क्लाराची, अक्षर बापाचं. हिशेबही अर्थात बापाकडेच.

नवव्या वर्षी ती लाइप्झिगच्या गेवांडहाउस या संगीतसभागृहात लोकांसमोर वाजवायला बसली. १८३८ मध्ये व्हिएन्नाच्या दरबारानं तिला राजवादकाचा किताब दिला. नोटेवरचा चेहरा त्याच साली आंद्रेआस श्टाउबनं काढलेल्या चित्रावरून घेतलाय. म्हणजे या चित्रातल्या मुलीच्या वाट्याला टाळ्या येत होत्या, थैली वडिलांच्या हाती होती. पुढे तिनं संगीतकार रोबर्ट शूमानशी लग्न ठरवलं, तेव्हा वीकनी घातलेल्या अटींत तिच्या कमाईचाही विषय निघालाच. प्रकरण कोर्टात गेलं. १८४० मध्ये कोर्टानं परवानगी दिली आणि १२ सप्टेंबरला लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी तिला एकविसावं वर्ष पूर्ण झालं. एक दिवस थांबली असती तर वडिलांना विचारायचं कारणच उरलं नसतं. पण वीकसारखा बाप असला की तो एक दिवससुद्धा आधी गाठावासा वाटत असेल.

आता एक मजा सांगायलाच हवी. १८३७ मध्ये क्लारानं बर्लिनमध्ये बेटहोफनचा 'आपासिओनाटा' सोनाटा समोर सुरावटीचा कागद न ठेवता वाजवला. आज पियानोवादक कागद घेऊन बसला तर लोक कुजबुजतील. तेव्हा उलटं होतं. लेखिका बेटिना फॉन आर्निम तिथे होत्या. कागदाशिवाय वाजवायला बसते म्हणजे किती हा तोरा, असा शेरा त्यांनी मारला. दीडशे वर्षांनी बँकेनं नोटांसाठी चेहरे निवडले, त्यात या बेटिनाबाईही होत्या. पाचाच्या नोटेवर! बँकेच्या मनात काही नसणार, चार नोटांवर बायका आणि चारांवर पुरुष अशी ती सरळ वाटणी होती. पण हा हिशेब मला मनापासून आवडतो.

क्लाराचा खरा हिशेब सुरू झाला १८५४ मध्ये. रोबर्टला मानसिक आजारामुळे बॉनजवळच्या एंडेनिशच्या इस्पितळात ठेवावं लागलं. त्यानंतर काही महिन्यांतच आठवं मूल झालं. एक मुलगा आधीच गेला होता, म्हणजे पदरात सात. मदतीसाठी जलसा करू म्हणणारे मित्र होते, तिनं नको म्हटलं आणि स्वतःच दौऱ्यावर निघाली. १८५६ मध्ये रोबर्ट गेला. त्यानंतर काळे कपडे घालून ती जर्मनीभर, इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं वाजवत राहिली. प्रवास, हॉल, पत्रव्यवहार यांतलं बरंचसं तिनं स्वतःच निस्तरलं. कार्यक्रमपत्रिका मात्र नीट जपल्या. जवळजवळ १३०० भरतात. मुलं कधी नातलगांकडे, कधी बोर्डिंगात. आई म्हणून ती कमी पडली असं लिहिणारे आहेत. सात मुलांचा खर्च कुणी भागवायचा होता, ते मात्र ते लिहीत नाहीत.

मला सगळ्यात आवडते ती फ्रँकफर्टमधली क्लारा. १८७८ मध्ये होख विद्यालयानं तिला बोलावलं तेव्हा ती साठीला टेकली होती. हात दुखायचे. तिच्या अटी पाहा : दिवसाला दीडच तास, शिकवणी माझ्या घरी, वर्षाला चार महिने सुट्टी आणि हिवाळ्यात कार्यक्रमांसाठी रजा. विद्यालयानं मान्य केल्या. संचालक योआखिम राफ यांचं धोरण बायकांना शिक्षक म्हणून नेमायचं नाही असं होतं. मादाम शूमानना मी पुरुषांतच धरतो, असं सांगून त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं. वेळापत्रक जमवायला मात्र घरच्याच बायका होत्या : मारी आणि ऑयगेनी या तिच्या लेकी विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यायच्या, मग आईसमोर बसवायच्या.

आईला भरधाव बोटांची चमक खपत नसे. सूर गाता आला पाहिजे, संगीतकारानं लिहिलंय तेवढंच आणि तसंच वाजलं पाहिजे. १८९१ मध्ये तिनं शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, पुढच्या वर्षी विद्यालय सोडलं आणि १८९६ मध्ये ती गेली. तिचं स्वतःचं ध्वनिमुद्रण नाही. पण फॅनी डेव्हिस, अडेलिना द लारा, इलोना आयबेनश्युट्स या तिच्या शिष्यांची आहेत. फॅनीबाईंनी १९२८ मध्ये रोबर्टचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची रचना, वाजवलाय. रेकॉर्डची खरखर सोसून तो जरूर ऐका. कुठे लाडिक रेंगाळणं नाही, उसासे नाहीत. वाक्य सुरू झालं की पुरं करूनच थांबायचं. त्यानंतर हल्लीची काही नामांकित मुद्रणं मला उगाच गोड वाटायला लागली आहेत.