मंगळवार तळ्यामागचं घर आणि कोंडलेली भिंत

खंबाटकी घाट, गल्लीत न शिरलेला टेम्पो, हातांवर उचलून आणलेली कपाटं, साताऱ्यातला पहिला आठवडा यातच संपला. मला सांगायचंय ते माजघराच्या भिंतीबद्दल.

घर मंगळवार तळ्याच्या मागच्या गल्लीत. दगडी जोतं, त्यावर मातीच्या जाडजूड भिंती, वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. मे महिन्यात बाहेर रस्ता भाजत असताना माजघरात पंखा लावावा लागत नव्हता. पण त्याच माजघराची एक भिंत कमरेपर्यंत ओली होती. आधीच्या कुणीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला होता. रंगाला फोड आलेले. बोटानं दाबलं की पापुद्रा सुटायचा आणि मागून ओलसर मातीचा भुगा पायावर पडायचा. जो येईल तो एकच सांगे, 'वॉटरप्रूफिंग करून टाका, वर टाइल्स लावा.' ऐकून संताप यायचा. दुखणं झाकून ते बरं कसं होणार?

शेजारच्या काकूंनी मात्र सल्ला दिला नाही, माणूस आणला. कासच्या तलावाचं पाणी आलं की आमची कळशी आधी भरून ठेवणाऱ्या याच काकू. त्यांचे ओळखीचे गवंडीबाबा आले. त्यांनी थापीच्या मुठीनं भिंत खालपासून वरपर्यंत ठोकली. पोकळ आवाज आला तिथं थांबले.

"ताई, भित कोंडलीया. सिमिटानं तिची वाटच बंद केलीया. ह्ये समदं उतरवाय लागंल."

मग समजावून सांगितलं. जमिनीतली ओल माती वर ओढतेच. चुन्याचा गिलावा असला की ती त्यातून हवेत उडून जाते. सिमेंट लावलं की आतच अडकते, आणखी वर चढते आणि आतून माती भुसभुशीत करते.

छिन्नी चालू झाली तशी सिमेंटची अख्खी ढलपी सुटून आली. तिच्यामागे विटांनी बुजवलेली एक देवळी, दिव्यासाठीचा भिंतीतला कोनाडा, निघाली. कमानीला आत अजून काजळी होती. कधीकाळी तिथं रोज दिवा लागत असणार. बाबांनी तेवढी जागा ब्रशनं हलकेच झाडली आणि "ही ऱ्हाऊ द्या" म्हणाले. मला भरून आलं.

कळीचा चुना पिंपात विरवून ठेवलेला होता. त्यात चाळलेली वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. एक थर दिला की तो ओढेपर्यंत, म्हणजे सुकून घट्ट होईपर्यंत, दुसऱ्याला हात नाही. घाई केली की चिरा पडतात, त्यामुळे काम रेंगाळलं आणि घरभर पांढरी धूळ झाली. पैसेही टाइल्सपेक्षा कमी लागले नाहीत. तरी पेठांमधल्या जुन्या घरांत राहणाऱ्या प्रत्येकाला मी कळवळून सांगेन, मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. चुना जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होताहेत. आहेत तोवर त्यांना बोलवा.

आता श्रावण चालू आहे, अजिंक्यतारा किल्ला सकाळभर ढगात असतो. भिंतीला हात लावला तर गार लागते, पण फोड नाही, भुगा नाही. मागच्या पडवीचं काम बाबा दसऱ्यानंतर घेणार आहेत. तिच्यासाठीचा चुना मात्र त्यांनी आत्ताच पिंपात घालून ठेवलाय. जितका मुरेल तितका चिवट होतो म्हणतात.